तुरटीच्या पाण्याने आतून धुऊ नका

‘अंगावरून पांढरं जातंय? उष्णता आहे. हाडं झिजतात. तुरटीच्या पाण्याने आतून धुवा, कोकम सरबत प्या, सात दिवसांत बरं. डॉक्टर नको.’ कोकणातल्या बचतगटांच्या ग्रुपवर हा मेसेज सध्या फिरतोय.

हाडांचं आधी उरकते. स्रावात पाणी, बुळबुळीत द्रव आणि गळलेल्या पेशी असतात, हाडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत तो तारदार होतो, गरोदरपणात वाढतो. खाज, आग, घाण वास नसेल तर हा बहुधा आजारच नव्हे. सरबत खुशाल प्या, तहान भागेल.

खरी भीती तुरटीची. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) 3.8 ते 4.5 राहतो आणि घातक जंतूंना थारा मिळत नाही. आतून धुतलं की हे राखणदारच वाहून जातात, जंतू वर गर्भाशयाकडे ढकलले जाण्याचीही भीती. व्हिनेगर, डेटॉल, सुगंधी वॉश यांचंही तेच. बाहेरून साधं पाणी पुरे.

‘सात दिवसांत बरं’ म्हणताना नेमकं काय बरं होणार? दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज, ही बहुधा बुरशी. भातलावणीत दिवसभर ओल्या कपड्यात राहिलं की ती फोफावते. सारखी उलटत असेल तर साखर तपासा. पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा तोल बिघडलाय. (मच्छी विकणारी बाई तो वास कामाचाच समजून सोडून देईल, म्हणून मुद्दाम सांगते.) हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा, संबंधातून पसरणारा परजीवी, यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर पुन्हा तेच. तिन्हींना एकच औषध नाही. मेडिकलमधून शेजारणीने आणलेली ट्यूब म्हणूनच उपयोगी पडत नाही.

‘डॉक्टर नको’? सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या त्रासासाठी हिरवा किट फुकट मिळतो. त्यात सेक्निडाझोल (जिवाणू आणि ट्रायकोमोनाससाठी) आणि फ्लुकोनाझोल (बुरशीसाठी) असतं. दिवस गेले असतील तर आधी सांगा, औषध बदलावं लागतं. पाटी तिथे गुप्तरोगाची दिसली तरी लाजू नका, आशाताईला सोबत न्या.

ओटीपोटात दुखणं आणि ताप एकत्र आले तर त्याच दिवशी जा. गर्भनलिकांना सूज राहिली तर पुढे मूल राहायला अडचण येते. आणि पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर किट मागत बसू नका, गर्भाशयाची आणि त्याच्या मुखाची तपासणी करून घ्या.