नळी पिंपात बुडवून ठेवा म्हणे!

परवा मामांचा फोन आला. "मागच्या वेळी तू उगाच नळी बाहेर काढायला लावलीस. हा मेसेज वाच." मेसेज मी आधीच तीन ग्रुपांवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. पण तो वाचून मामांनी गच्चीवरची नळी परत फवारणीच्या पिंपात सोडली, तेव्हा मात्र राहवलं नाही. पंधरा वर्षं पाण्याच्या लाइनींचं काम करतोय, एवढं लिहायलाच हवं.

मेसेज थोडक्यात असा: नळाला दाबाने पाणी येतं, ते उलटं जाऊच शकत नाही. म्हणून नळी खुशाल पिंपात बुडवून ठेवा, पाणी सांडत नाही. फारच भीती वाटली तर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा, जन्माची काळजी मिटली. तरी काही गेलंच तर क्लोरीन आहे. बाकी सगळा प्लंबरांचा धंदा.

"पाणी उलटं जात नाही." दाब आहे तोवर जात नाही, हे कबूल. पण दाब कायम टिकतो कुठे? लाइन फुटते, दुरुस्तीसाठी मेन बंद होतो, कुणी थेट लाइनवर पंप लावून ओढतं, आग विझवायला एकदम भरपूर पाणी उपसलं जातं. अशा वेळी पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पाइपाच्या तोंडाशी जे असेल ते आत ओढलं जातं. हवेचा दाब पाण्याला जवळजवळ 10 मीटर उंच चढवू शकतो. पिंपाच्या तळापासून नळापर्यंतचं अंतर त्यापुढे किती?

"नळी बुडवून ठेवा." हे वाचून माझं डोकं फिरतं. आपण पितो त्या लाइनीला कीटकनाशकाचं पिंप जोडायला सांगणारा सल्ला आहे हा. मामांना बोलून पटेना, म्हणून त्यांच्याच गच्चीवर करून दाखवलं. पिंप बाजूला सारलं, बादलीत नीळ कालवली, तिच्यात पारदर्शक नळीचं टोक बुडवलं आणि गच्चीवरचा नळ उघडा ठेवला. मग मेनचा स्टॉपकॉक बंद करून मामींना खाली स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगितलं. क्षणभर काही नाही. मग निळं पाणी नळीतून सरसर वर चढायला लागलं. ते नळापाशी पोचायच्या आत मी नळ बंद केला. मामा नळीकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. बादलीऐवजी पिंप असतं तर ते औषध मामींच्या हंड्यात उतरलं असतं.

संडासातला जेट भांड्यात लोंबत असेल आणि त्याचा खटका गळका असेल, तर तिथेही हेच होतं. टाकीत पाणी सोडणारा पाइप आतल्या पाण्यात बुडालेला असेल, तरी तेच.

"एक व्हॉल्व्ह बसवा." नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये एक झडप, एक रबर आणि बहुतेक वेळा एक स्प्रिंग असते. वाळूचा कण अडकला की झडप पूर्ण मिटत नाही, आणि ते बाहेरून कळतही नाही. फिनलंडमधल्या नोकिया शहरात नोव्हेंबर 2007 मध्ये काय झालं ते बघा. सांडपाणी प्रकल्पात पिण्याच्या पाण्याची लाइन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन एकमेकींना जोडलेल्या होत्या, मध्ये एक व्हॉल्व्ह. तो उघडला गेला आणि दोन दिवसांत सुमारे 450 घनमीटर सांडपाणी शहराच्या नळांत शिरलं. 8,000 हून अधिक लोक आजारी पडले, आणि शहराची वस्ती 30,000 च्या आसपास. दोन पाण्यांच्या मध्ये फक्त व्हॉल्व्ह असेल तर ती पाणी वेगळी नाहीत, असंच मी धरून चालतो. जिथे विष किंवा मैला आहे तिथे मध्ये मोकळी हवाच हवी. ते शक्य नसेल तर दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये गळती बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असलेलं उपकरण लावायचं आणि दरवर्षी तपासून घ्यायचं.

क्लोरीनबद्दल फार लिहीत नाही. नळाच्या पाण्यात ते लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी असतं. मैला आला की ते त्यातच खर्ची पडतं. कीटकनाशकासाठी त्याचा भरवसा नाहीच, आणि पाणी उकळूनही ते औषध जाईल असं धरू नका.

राहिला प्लंबरांचा धंदा. गरज नसताना उपकरणं गळ्यात मारणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण सगळ्यांत खात्रीच्या उपायाला पैसे लागत नाहीत. नळाचं किंवा नळीचं तोंड भांड्याच्या काठाच्या वर, तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान 25 मिलिमीटर तरी उंच ठेवा. काठाच्या वर, पाण्याच्या पातळीच्या नव्हे; पातळी वाढते. बागेच्या नळाला हवा आत घेणारा छोटा व्हॅक्युम ब्रेकर लावला तर आणखी बरं.

मामांनी पिंपाच्या काठाच्या वीतभर वर भिंतीत खुंटी ठोकली आणि नळी तिला बांधली. मेसेज त्यांच्या ग्रुपवर अजून फिरतोय. त्याखाली हे टाकायचं त्यांनी कबूल केलंय.