बेर्गोमीला पगार कोण देतं?

समालोचक आपल्या बाजूने बोलणारा हवा की नको, हा वाद आपल्याकडे क्रिकेटच्या प्रत्येक मोसमात नव्याने पेटतो. २०१६च्या टी-२० विश्वचषकात बांगलादेशाला हरवल्यानंतर अमिताभ बच्चन यांनी ट्विटरवर नाराजी व्यक्त केली होती: भारतीय समालोचकाने परक्यांचं कौतुक करण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल बोलावं. कर्णधार धोनीने त्याला दुजोरा दिला. पुढे काही दिवसांतच हर्षा भोगले आयपीएलच्या यादीतून गायब झाले, कारण कुणी सांगितलं नाही. मार्च २०२०मध्ये माजी फलंदाज संजय मांजरेकरांना बीसीसीआयने समालोचनातून वगळलं, तेव्हाही तेच. आमच्या मुंबईच्या मित्रमंडळात अजून त्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, २०१९च्या विश्वचषकात जडेजाला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू, म्हणजे सगळंच थोडंथोडं करणारा म्हणाला, भोगा फळं. दुसरा म्हणतो, मग खरं बोलायचं कुणी?

मी मिलानमध्ये राहतो, त्यामुळे या वादात मला नेहमी जुझेप्पे बेर्गोमी आठवतो.

बेर्गोमी हा इटलीचा जुना फुटबॉलपटू, बचावपटू. मिशीमुळे तो वयापेक्षा इतका मोठा दिसायचा की संघातल्या सहकाऱ्यांनी त्याला 'काका' म्हणायला सुरुवात केली, आणि इथे आजही त्याला सगळे काकाच म्हणतात. १९८२च्या विश्वचषकात तो अठरा वर्षांचा होता. बार्सेलोनात ब्राझीलविरुद्ध पूर्वार्धातच फुल्विओ कोल्लोवाती जखमी झाला आणि हा पोरगा मैदानात उतरला. समोर झिको, सॉक्रेटिस, फाल्काव. इटली ३-२ने जिंकली. माद्रिदच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या रुमेनिगेला आवरायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानंतर १९९९पर्यंत तो एकाच क्लबकडून खेळला, मिलानच्या इंटरकडून. वर्षानुवर्षं कर्णधार. दुसरी जर्सी त्याने क्लबसाठी कधी घातलीच नाही.

असा माणूस समालोचक झाल्यावर काय होईल असं वाटतं? स्काय या वाहिनीवर मुख्य समालोचक फाबियो कारेस्साच्या शेजारी बसून तो वर्षानुवर्षं बोलतो आहे. २००६च्या विश्वचषकात डॉर्टमुंडला जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटांत दोन गोल झाले आणि कारेस्सा ओरडला, 'चल बर्लिनला, बेप्पे!' अंतिम सामना बर्लिनला होता, आणि तो बेप्पे हाच. देशाच्या सामन्यात तो भावुक होतो, लपवत नाही. पण इंटरचा सामना असला की हाच माणूस आवाज खाली आणतो. बचावफळी पाच पावलं मागे राहिली, बाजूच्या खेळाडूने आत वळायला उशीर केला, पेनल्टी योग्यच होती, हे सगळं तो इंटरच्या विरोधात जात असलं तरी सांगतो. आमच्या गल्लीतल्या बारमध्ये सामना लागला की निळ्या-काळ्या मफलरवाले इंटरचे चाहते काउंटरवर ग्लास आपटत टीव्हीला विचारतात, 'काका, तू कुणाचा?' शेजारच्या टेबलावरचे प्रतिस्पर्धी युव्हेंटस क्लबवाले म्हणतात, तो तर इंटरचाच! दोन्हीकडून शिव्या खाणारा समालोचक आपलं काम नीट करतोय, असं मी धरून चालतो.

यात त्याच्या स्वभावाचा वाटा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट साधी आहे: त्याचा पगार ना इंटर देतं, ना इटलीचा फुटबॉल महासंघ. चॅनेल देतं.

एप्रिल २०१९ची गोष्ट घ्या. इंटर-युव्हेंटस १-१ सुटला. दहा-बारा दिवसांपूर्वीच युव्हेंटस आयाक्सकडून हरून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडला होता. स्कायच्या स्टुडिओत दानिएले आदानी होता, तोही जुना बचावपटू, इंटरकडूनही खेळलेला. त्याने युव्हेंटसचे प्रशिक्षक अलेग्री यांना थेट विचारलं की तुमचा संघ खेळतो तरी काय? अलेग्री भडकले. तुम्ही पुस्तकं वाचून बोलता, आता गप्प बसा, अशा भाषेत सुनावून ते मुलाखत सोडून निघून गेले. त्या वर्षी ते सलग पाचव्यांदा विजेते होते, शब्दाला वजन होतं. तरी आदानी स्कायवर दिसत राहिला.

आता त्याच वर्षीचा कोलकात्याचा गुलाबी चेंडूचा कसोटी सामना आठवा. चेंडू दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं, असं हर्षा म्हणाले आणि मांजरेकरांनी त्यांना ऐकवलं की आम्ही खेळलेल्यांना ते विचारावं लागत नाही. प्रशिक्षक खेळाडूला गप्प करतो, खेळाडू न खेळलेल्याला. मला हे दोन्ही सारखेच खटकतात. मांजरेकरांना मी आवडीने ऐकतो, म्हणून तर जास्तच खटकतं.

पण त्यांना वगळणं त्याहून वाईट होतं. कारण वगळलं कुणी? ज्या मंडळाचा संघ मैदानात आहे, त्याच मंडळाने. जडेजाने २०१९च्या त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ७७ धावा काढून उत्तर दिलं होतं, आणि मांजरेकरांनीही आपलं चुकलं हे मान्य केलं होतं. मामला तिथेच संपायला हवा होता. इयन चॅपेल यांनी २०१३मध्ये भारतातल्या ऑस्ट्रेलिया मालिकेचं काम नाकारलं, कारण संघनिवड, कारभार आणि डीआरएस (पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी) यांवर बोलायचं नाही अशी अट होती. संघनिवडीवर बोलायचं नाही, तर माजी कसोटी कर्णधाराला बोलवायचं कशाला?

इटलीत सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणारं चॅनेलही माल खपवायलाच बसलेलं असतं. आणि तो कोल्लोवाती, ज्याच्या जागी बेर्गोमी उतरला होता, त्यानेच २०१९मध्ये राय या इटलीच्या सरकारी वाहिनीवर सांगितलं की बाई डावपेचांवर बोलायला लागली की पोटात ढवळतं. रायने त्याला दोन आठवडे घरी बसवलं. २०२१च्या युरोचा अंतिम सामना त्याच रायवर कातिया सेर्राने सांगितला. आपल्याकडे अंजुम चोप्रा पुरुषांच्या सामन्यांवर कधीपासून बोलतात. या बाबतीत इथल्या लोकांना मी आपलं उदाहरण देतो, अभिमानाने देतो.

म्हणून मित्रांना माझं म्हणणं एवढंच आहे की मांजरेकर बरोबर की चूक, हे भांडण थोडं बाजूला ठेवा. समालोचक कुणाच्या करारावर बोलतो आहे, हे सामना सुरू होताना पडद्यावर नावाखाली लिहून दाखवायला लावा. गावसकर असोत, शास्त्री असोत, की मराठी वाहिनीवरचा उद्याचा कुणी नवा मुलगा असो. मग तो काय बोलतो आणि कशावर गप्प बसतो, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळेल.