म्हशीचा जंतू माणसाला कसा भोवेल? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, म्हशींना टोचलेल्या अँटिबायोटिकमुळे औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात आणि ते माणसालाही भोवतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय की म्हशीचे जंतू म्हशीपाशी नि माणसाचे माणसापाशी, दूध आम्ही उकळून पितो, मग उगाच गोठेवाल्यांच्या नावानं शंख कशाला? शिवाय औषध बंद केलं की जंतू आपोआप ताळ्यावर येतात.

उकळलेल्या दुधाचं मान्य. (कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण पिणाऱ्यांचं तुम्हीच बघा.) पण माझा मुद्दा शेणाचा होता. कास सुजली की अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचतात. औषध रक्तातून आतड्यातही पोचतं, त्याला दाद न देणारे जंतू तिथं टिकतात आणि शेणातून उकिरड्यावर जातात. पावसाळ्यात तिथून ओढ्याला, ओढ्यातून पंचगंगेला. तिथं त्यांची गाठ शहराच्या सांडपाण्याशी पडते.

आता या जंतूनं माणसात मुक्काम ठोकायलाच पाहिजे असं नाही. त्याच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएचं एक छोटं कडं असतं, प्लाझ्मिड. औषधाला दाद न देण्याची जनुकं बऱ्याचदा याच कड्यावर असतात. दोन जंतू भिडले की या कड्याची नक्कल दुसऱ्यात उतरते आणि पहिल्याचंही काही जात नाही. जात वेगळी असली तरी चालतं, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडून क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूकडेही. त्यात ट्रान्सपोझॉन म्हणजे उड्या मारणारी जनुकं, ती एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जाऊन बसतात. म्हशीचा जंतू माणसाच्या पोटात दोन दिवसांचा पाहुणा असला तरी तेवढ्यात हे कडं देऊन जाऊ शकतो.

कोलिस्टिन हे डॉक्टरांच्या हातातलं अगदी शेवटचं औषध. त्याला न जुमानणारं एमसीआर-१ हे जनुक असंच प्लाझ्मिडवर सापडलं. चीनमध्ये, डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही. २०१५ साली ते जाहीर झालं. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली.

बंदीनं फरक पडतो, चीनमध्ये बंदीनंतर हे जनुक कमी झालेलं दिसलं. पण 'आपोआप' हा शब्द मला पटत नाही. काही प्लाझ्मिड भलते डांबरट असतात. टिकाऊ विष आणि लवकर विरणारा उतारा, दोन्ही तेच बनवतात. पिल्लू जंतूला कडं मिळालं नाही तर उतारा संपतो, विष उरतं आणि ते मरतं किंवा त्याची वाढ खुंटते. शिवाय एकाच कड्यावर चार औषधांविरुद्धची जनुकं असली, तर एक औषध चालू ठेवलं तरी चारही टिकतात.

म्हणून म्हैस आजारी पडली तर उपचार करू नका, असं मी कुठंच म्हटलेलं नाही. दूध तपासून, डॉक्टरांना विचारून औषध द्या. इंजेक्शननंतर ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेणाचं मात्र कुणी विचारत नाही, ते त्याच दिवशी उकिरड्यावर पडतं.