धरण रिकामं आहे? मग उत्तम!

पूर अडवायला बांधलेलं मातीचं छोटं धरण कोरडं दिसलं की लोक लगेच सुरू होतात, 'एवढा पैसा ओतला आणि पाण्याचा टिपूस नाही!' अहो, ते रिकामं आहे म्हणूनच कामाचं आहे. आधीच काठोकाठ भरलं असेल तर पूर ठेवायचा कुठे?

या धरणांना बहुधा दरवाजेच नसतात, आणि मला तेच फार आवडतं. बांधाच्या पोटातून एक पाईप जातो, त्याचं तोंड ठरावीक उंचीवर. त्याखालची जागा गाळाची, वरची पुराची. ओढा फुगला की पाणी आत तुंबतं आणि खालच्या पात्राला झेपेल एवढंच पाईपातून बाहेर पडतं. काही दिवसांत वरची जागा पुन्हा मोकळी. त्याहून मोठा पूर आलाच तर कडेला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. मध्यरात्री दरवाजा उघडायला कुणी लागत नाही, त्यामुळे तो माणूस नेमका रजेवर असायचीही भीती नाही. अमेरिकेत १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याखाली ओक्लाहोमात १९४८ साली असं पहिलं धरण झालं. आज त्या एका राज्यात अशी २,००० हून जास्त आहेत.

आता यात आपली हुशारी घुसते. पाणी साठावं, बोटिंग करता यावं म्हणून कुणी पाईपच्या तोंडाला फळ्या ठोकतं, कुणी सांडव्यात वाळूच्या गोण्या रचतं. 'फूटभरानं काय होतंय?' होतं. तो फूट पुराच्या वाट्याचा असतो. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बहुतेक वेळा तग धरतं. मातीचा माथा ओलांडून पाणी मागच्या उतारावर पडलं की माती कातरत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं.

दुसरा शत्रू पाझर. पायथ्याशी थोडं नितळ पाणी झिरपत असेल तर लगेच घाबरू नका, नोंद ठेवा. गढूळ येत असेल तर समजा, आतली माती वाहून चालली आहे. ५ जून १९७६ ला अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं टीटन धरण असंच गेलं. ते काही छोटं नव्हतं, पण मातीचंच. सकाळी गळती दिसली, भोक बुजवायला गेलेले दोन बुलडोझर त्याच भोकात गडप झाले आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. चालक थोडक्यात वाचले. म्हणून बांधावर झाडं वाढू देऊ नका, घुशी-उंदरांची बिळं वेळच्या वेळी बुजवा. उद्घाटनाला गर्दी करणारे या कामाला कधी दिसत नाहीत, हे सोडा.

सगळ्यात वाईट म्हणजे धरणामुळे पूर येईनासा झाला की खालच्या शेतात घरं उभी राहतात. फक्त पिकं वाचवायची आहेत असं धरून ज्याचा सांडवा आखला, त्याच बांधाखाली आता माणसं झोपतात. तिथे प्लॉट पाडायला परवानगी देणाऱ्यांनी सांडव्याचा हिशेब नव्याने मांडला का, हे आधी विचारा. बोटिंगचं नंतर बघू.