ट्युरिंग पुरस्काराबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ट्युरिंग पुरस्कार म्हणजे संगणकातलं नोबेल. तो ब्रिटिश सरकार देतं आणि बड्या कंपन्यांच्या मालकांनाच देतं. भारतात जन्मलेल्या एकालाही तो मिळालेला नाही, एकाही बाईला नाही. आपल्या कोकणातल्या खेड्यांतल्या पोरांनी उगाच स्वप्नं बघू नयेत.’ आमच्या रत्नागिरीतल्या शाळेची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी विजेत्यांचा तक्ता करतायत आणि हा मजकूर त्यांच्या वह्यांत उतरायला लागलाय, म्हणून लिहितोय.

ब्रिटिश सरकारचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ज्यांचं नाव पुरस्काराला आहे ते संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंग इंग्रज होते, एवढंच. पुरस्कार देते एसीएम ही अमेरिकेतली संगणकशास्त्रज्ञांची संस्था, १९६६ पासून. पहिले मानकरी ॲलन पर्लिस. आज दहा लाख डॉलर मिळतात, ते पैसे गूगल देते. कंपन्यांच्या मालकांचं म्हणाल, तर बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स ही नावं यादीत नाहीतच. यादी मुख्यतः प्राध्यापकांची आणि संशोधकांची आहे.

‘भारतात जन्मलेल्या एकालाही नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. १९९४ चा पुरस्कार एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासोबत राज रेड्डी यांना मिळाला. जन्म १९३७, गाव काटूर, जिल्हा चित्तूर, शेतकऱ्याच्या घरात. शिक्षण मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात, पुढे ऑस्ट्रेलियात आणि मग स्टॅनफर्डला. नंतर ते अमेरिकेचे झाले हे खरं, पण मेसेज जन्माबद्दल बोलतो.

त्यांचं काम बघायचं तर सकाळी मिरकरवाडा बंदरावर जा. बर्फाने ओले झालेले हात, टाईप करायला बोट चालत नाही. मग खलाशी फोन तोंडाशी धरून म्हणतो, ‘सुरमई उतरली, टेम्पो पाठव,’ आणि स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटतात. यंत्राने माणसाचं बोलणं ओळखावं यासाठी सुरुवातीला जे थोडे लोक झटले, त्यांत रेड्डी अग्रणी. १९७६ च्या सुमारास त्यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘हार्पी’ या प्रोग्रॅमला हजारेक शब्द कळायचे. आजची तंत्रं बरीच वेगळी आहेत, पण वाट त्या लोकांनी पाडली.

बायकांबद्दल मेसेज अर्धा खरा ठरला असता, २००६ च्या आधी लिहिला असता तर. पहिली चाळीस वर्षं एकही बाई नव्हती, आणि त्याबद्दल राग यायलाच हवा. मग २००६ ला फ्रान्सिस ॲलन, २००८ ला बार्बरा लिस्कोव्ह, २०१२ ला शफी गोल्डवासर. ॲलनबाई न्यूयॉर्क राज्यातल्या शेतावर वाढल्या, शाळेत गणित शिकवायच्या. शिक्षणाचं कर्ज फेडायला १९५७ मध्ये आयबीएममध्ये गेल्या. कर्ज फिटलं की शाळेत परतायचा बेत होता. त्या तिथेच राहिल्या आणि माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रावर वेगाने कसा चालवायचा, याचा पाया घातला.

शेतकऱ्याचा मुलगा आणि शाळेतली मास्तरीण, दोघंही यादीत आहेत. खेड्यातल्या पोरांना घरी बसवायला ही यादी वापरू नका.

मुलांनो, तक्त्यात नावाशेजारी काम आणि जन्मगाव लिहाच. वर्ष मात्र जपून: पुरस्कार साधारण पुढच्या वर्षी जाहीर होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या हिंटन, बेंजिओ आणि लेकन यांचा पुरस्कार मार्च २०१९ मध्ये जाहीर झाला, पण तो २०१८ चा. त्यांच्यासमोर २०१८ लिहा.