मुलांचं चित्र ‘नीट’ करून देऊ नका

परवा माझ्या कलेच्या वर्गाचा तास सुटल्यावर एक बाबा दाराशी रेंगाळले. मुलगा आत रंगांच्या बाटल्यांची झाकणं लावत होता. त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “ताई, त्याला इथे आवडतं हे दिसतंच. पण अभ्यासात फरक पडेल ना याने?”

प्रश्न मनापासूनचा होता. आठवड्यातले दोन तास, नेणं-आणणं, त्यासाठी मोडलेली सुट्टी, हे सगळं कशासाठी करायचं हे आईबाबांना कळायलाच हवं. मी मात्र “पडतो की, खूप फरक पडतो” असं म्हणून मोकळी झाले. घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. ते अर्धवट होतं. पूर्ण उत्तर इथे लिहितेय. पोस्ट लांब झालीय, सवडीने वाचा.

गेली नऊ वर्षं मी मुलांचा कलेचा वर्ग घेते. सहा ते बारा वयाची मुलं असतात. चित्र, मातीकाम, थोडं गाणं, थोडं नाटक. आमच्या क्षेत्रात सर्रास केली जाणारी एक दिशाभूल आधी बाजूला काढते.

‘संगीत ऐकवा, मूल हुशार होईल’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. याचं मूळ १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात लहान मुलं नव्हतीच. कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते. दहा मिनिटं मोझार्ट या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकल्यावर आकारांच्या कोड्यांमध्ये ते थोडे सरस ठरले आणि तो परिणाम पाव तासात ओसरला. एवढंच. पण १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी निधी मागितला, इतकी ती बातमी फुगली. आजही मुलांच्या वर्गांच्या जाहिरातींमध्ये ‘बुद्ध्यांक वाढवा’ असं लिहिलेलं दिसतं तेव्हा मला वाईट वाटतं. पालकांच्या काळजीवर चालवलेला धंदा आहे तो.

नुसतं ऐकण्यापेक्षा संगीत शिकण्याचा परिणाम वेगळा असतो का, हेही तपासलं गेलंय. २००४ साली कॅनडातल्या ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एक पियानोसारख्या कीबोर्डचा, एक गाण्याचा, एक नाटकाचा, आणि चौथ्या गटाला वर्षभर काहीच वर्ग नाही. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा साधारण तीन गुणांनी जास्त वाढला. ही वाढ खरी, पण लहान. नाटकाच्या गटाचा बुद्ध्यांक तसा वाढला नाही, मात्र इतरांशी वागण्या-बोलण्यात ती मुलं लक्षणीय सुधारली. या अभ्यासाचा उल्लेख होतो तेव्हा सगळे त्या तीन गुणांबद्दल बोलतात. मला नाटकाची गोष्ट कितीतरी मोठी वाटते.

म्हणजे त्या बाबांना ‘गणिताचे मार्क वाढतील’ असं वचन मी देऊ शकत नाही. पण मग मुलं तिथे नेमकं काय शिकतात? माझ्या टेबलाजवळ बसून बघितलं तर ते दिसतं.

दरवर्षी आम्ही मुलांना स्वतःचा बूट समोर ठेवून काढायला लावतो. एक आठ वर्षांचा मुलगा होता. पहिल्या दिवशी त्याने दोन मिनिटांत बूट काढला आणि “झालं” म्हणाला. कागदावर होता तो डोक्यातला बूट, कुठल्याही चित्रात असतो तसा. समोरच्या बुटाकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, “नाडीची भोकं किती आहेत रे?” त्याने चित्रात तीन काढली होती. बुटाला सहा होती, एकेका बाजूला. तो गप्प झाला आणि मोजायला लागला. पुढच्या आठवड्यात खोडून खोडून त्याचा कागद एका जागी इतका झिजला की आरपार दिसायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्याकडे धावत आला. “ताई, लांबची भोकं गोल दिसतच नाहीत! चपटी दिसतात!”

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्तुळ तिरकं बघितलं की लंबवर्तुळ दिसतं, हे त्याने स्वतःच्या बुटावरून शोधून काढलं होतं.

कलेने अभ्यासाला मिळणारा आधार तो हाच. आपल्याला माहीत आहे असं वाटणं आणि समोर खरोखर जे आहे ते, या दोन्हींतला फरक त्या मुलाला कळला. पहिला प्रयत्न हा शेवटचा प्रयत्न नसतो हे त्याच्या हाताला कळलं. हार्वर्ड विद्यापीठातल्या लोइस हेटलंड, एलेन विनर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या कलाशिक्षकांचे वर्ग कितीतरी तास बघून मुलांना तिथे लागणाऱ्या आठ सवयी नोंदवल्या. नीट बघणं, चिकाटीने लागून राहणं, नसलेली गोष्ट मनात उभी करणं, आपल्या कामाकडे मागे वळून बघणं, चुकायची तयारी ठेवून नवं करून बघणं, अशा त्या सवयी आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाला वर्गातल्या मुलांमध्ये दुसरं काय हवं असतं?

आणखी एक गोष्ट सांगते, नाटकाच्या तासाची. ससा-कासवाची गोष्ट करत होतो. एक मुलगी होती, वाचताना अडखळायची, म्हणून शाळेत मोठ्याने वाचायची पाळी आली की तिचं पोट दुखायचं. तिने कासव व्हायचं ठरवलं. सगळं ठीक चाललं होतं आणि मधेच ती थांबली. म्हणाली, “कासव झोपलेल्या सशाजवळून जातं तेव्हा त्याच्याकडे बघतं का?”

वर्गात एकदम गलका झाला. बघतंच, असं निम्मे म्हणाले. नाही बघत, त्याचं लक्ष फक्त रस्त्याकडे असतं, असं बाकीचे. कुणी म्हणालं, बघितलं आणि उठवलं नाही, तर मग ते चांगलं कासव कसं? हे सोडवायला त्या मुलीने गोष्टीचं पुस्तक मागून घेतलं आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचला. अडखळत वाचला, दोनदा वाचला, सगळ्यांसमोर वाचला. पुस्तकात उत्तर नव्हतंच. तेव्हा ती म्हणाली, “मग मीच ठरवते.” तिचं कासव थांबलं, सशाकडे बघितलं, आणि पाय न वाजवता पुढे गेलं.

मी ते बघत उभी होते. गोष्ट ‘समजणं’ म्हणजे काय, हे मला इतक्या स्पष्टपणे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत दिसलेलं नाही.

हे केवळ माझ्या मायेपोटी म्हणत नाही. २००० साली एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी कला आणि शालेय यश यांबद्दलचे तोवरचे अभ्यास गोळा करून तपासले. त्या दोघी स्वतः कलेच्या बाजूच्या, तरी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की कलेमुळे मार्क वाढतात या बहुतेक दाव्यांना भक्कम पुरावा नाही. जे थोडे दावे टिकले, त्यांत वर्गातलं नाटक ठळक होतं. गोष्ट करून बघणाऱ्या मुलांची भाषेची समज वाढते, आणि ती केलेल्या गोष्टीपुरती राहत नाही, न केलेल्या नव्या मजकुरातही दिसते.

अलीकडचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा आहे. तिथल्या ४२ शाळांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही शाळा निवडून तिथे कलाकार, नाटकं, संग्रहालयांच्या भेटी असे जादाचे कार्यक्रम दिले गेले. दहा हजारांहून जास्त मुलं होती. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, लेखनातले गुण वाढले, आणि दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. गणित आणि विज्ञान यांच्या गुणांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. मला यातली महत्त्वाची बाब ही वाटते की कलेला दिलेल्या वेळामुळे बाकीच्या विषयांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो, हे जगभर चालतं. तो तास काढून घेताना त्या बदल्यात काय मिळतं, हे कुणीतरी ठामपणे दाखवायला हवं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

वर्ग चांगला की वाईट हे ठरवताना आपण सगळे शेवटच्या कार्यक्रमाकडे बघतो. प्रदर्शन कसं झालं, किती मुलांना बक्षीस मिळालं, प्रमाणपत्र आहे का. आणि इथेच सगळं बिघडतं.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तेच स्केचपेन ठेवले, कुणी काही सांगितलं नाही, आणि कोण किती वेळ चित्रं काढतंय ते लपून बघितलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही दर्जाने कमी होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र तशीच होती.

पन्नास वर्षं झाली याला. तरी आपण पाच वर्षांच्या मुलांच्या चित्रांना पहिला, दुसरा, तिसरा नंबर देतोच आहोत.

माझीही यात एक चूक आहे, ती सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत आमचं प्रदर्शन होतं. एका सहा वर्षांच्या मुलीने समुद्र काढला होता. कागदाचा निम्मा भाग पांढरा, एका कोपऱ्यात गडद निळ्याचा जाड थर, बोटांचे ठसे त्यात तसेच. आदल्या रात्री चित्रं लावताना मला ते ‘अपुरं’ वाटलं. पालक काय म्हणतील, ही भीती होती. मी ब्रश घेतला, पांढरा भाग फिकट निळ्याने भरला, दोन लाटा काढल्या, एक होडी काढली. चित्र छान दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. तिची आई तिला चित्रासमोर उभी करून फोटो काढायला लागली आणि ती मुलगी शांतपणे म्हणाली, “हे माझं नाहीये.”

आईला वाटलं, ती लाजतेय. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, आजही वाटतं.

नंतर मी तिला विचारलं की पांढरं का सोडलं होतंस. ती म्हणाली, “तो फेस होता. पाणी आत्ताच परत गेलं होतं.”

तिने बघितलं होतं. ओहोटीचं पाणी मागे सरताना वाळूवर पसरलेला फेस तिने नीट बघून ठेवला होता, आणि मी तो निळा रंग लावून पुसून टाकला. वर तिला हेही शिकवलं की तिने जे बघितलं त्यापेक्षा मोठ्यांना जे छान दिसतं ते जास्त खरं असतं. त्या वर्षानंतर आम्ही मुलांच्या कागदाला हात लावणं बंद केलं. काही दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घेतो.

म्हणून, तुमच्या मुलासाठी असा वर्ग शोधत असाल तर प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नका. मधल्याच एखाद्या दिवशी जा. भिंतीवरची वीस चित्रं एकसारखी दिसत असतील, तर ती एकाच मोठ्या माणसाची चित्रं आहेत असं समजा. मुलं शिक्षकाला प्रश्न विचारतात का, की फक्त “बरोबर आहे का?” एवढंच विचारतात, हे ऐका. फसलेल्या मातीच्या भांड्यांचं काय करतात, ते विचारा. आणि मूल घरी आलं की “काय काढलंस?” याऐवजी “आज काय जमत नव्हतं?” असं विचारून बघा. मुलं याचं उत्तर फार रंगून देतात, हा माझा अनुभव आहे.

बालहक्कांच्या १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात ३१वं कलम आहे. विश्रांती, खेळ आणि कला हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असं ते सांगतं. तिथे ‘अभ्यास संपल्यावर’ अशी अट कुठेही घातलेली नाही. ज्यांच्या घरी रंग, पुस्तकं, वाद्यं आहेत त्या मुलांना शाळेतला तास गेला तरी बाहेर कुठेतरी मिळतं. ज्यांच्या घरी नाहीत त्यांचं सगळंच जातं. शाळेतला तास वाचवायला हवा तो त्यांच्यासाठी. मी वर्ग घेते, पण मला माझ्या वर्गापेक्षा तो तास महत्त्वाचा वाटतो.

त्या बाबांना येत्या शनिवारी थोडं लवकर या म्हणून सांगितलंय. त्यांच्या मुलाची फाइल दाखवायची आहे. त्यात जूनपासूनचे सगळे कागद आहेत, मागे तारखा घातलेले, झिजलेले आणि फाटलेलेसुद्धा. मी काही समजावून सांगणार नाही. मुलगाच एकेक कागद काढून सांगेल, आणि मी रंगांच्या बाटल्यांची झाकणं लावत बसेन.