अठरा सेकंद

ऑटोमॅटिक घड्याळ नवं नवं घेतलेला माणूस ओळखणं सोपं असतं. तो घड्याळात बघतो, मग मोबाइलमध्ये बघतो, मग पुन्हा घड्याळात बघतो, आणि एवढं करून किती वाजले विचारलं तर त्याला सांगता येत नाही. तास आणि मिनिटं त्याने बघितलेलीच नसतात. तो सेकंद बघत असतो. सध्या डोंबिवलीतला तो माणूस मी आहे.

घड्याळ जपानी. काळी डायल, आकड्यांच्या जागी टपोरे पांढरे ठिपके, मागच्या बाजूला काच आणि काचेतून दिसणारं मशीन. मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन गरगर फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसत राहते. बॅटरी नाही. दुकानदार हे सगळं भक्तिभावाने सांगत होता तेव्हा बायकोने मध्येच विचारलं, "पण वेळ बरोबर दाखवतं ना?" दुकानदार नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ घरी येऊन पुस्तिका वाचल्यावर कळला. या मशीनला दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाण्याची कंपनीकडूनच मुभा आहे.

"म्हणजे आठवड्याला पाच मिनिटं?" बायकोचं पाढ्यांचं पाठांतर अजून शाबूत आहे. "आणि माझं?"

तिचं घड्याळ बॅटरीवरचं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि असं साधंसुधं घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिने मोबाइलवर वाचलं. मोठ्याने वाचलं.

यात एक गंमत आहे. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत होती साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा छोटी मोटार येत होती. म्हणजे अचूक वेळेसाठी लोक मोटारीचे पैसे मोजत. आज तीच अचूक वेळ स्टेशनच्या जिन्याखाली चादरीवर मांडून विकतात, त्यामुळे हौशी माणसाला चुकीच्या वेळेसाठी जादा पैसे मोजावे लागतात. हे बायकोला पटवून द्यायचा प्रयत्न केला. तिने फक्त "बरं" म्हटलं. आमच्याकडे "बरं" हा निकाल असतो, त्यावर अपील नाही.

तर माझं घड्याळ दिवसाला अठरा सेकंद पुढे जातं. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ते ९९.९८ टक्के बरोबर आहे. शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी हिशोब पुढे नेला. याचं बॅलन्स, म्हणजे आत मागेपुढे झुलणारं चाक, तासाला २१,६०० ठोके देतं, सेकंदाला सहा. दिवसाचे झाले पाच लाख अठरा हजार चारशे. अठरा सेकंद म्हणजे त्यात १०८ ठोके जास्त. माझं घड्याळ रोज जपाची एक अख्खी माळ जादा ओढतं. ज्याचा देवावर विश्वास आहे त्याला यात समाधान वाटेल. मला झोप लागेना.

मग सकाळचा एक कार्यक्रम ठरून गेला. घड्याळाच्या बाजूची किल्ली बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. तो बारावर थांबवायचा, मोबाइलमधल्या वेळेचे सेकंद साठावर यायची वाट बघायची आणि नेमक्या क्षणी किल्ली दाबायची. या वेळात कोणी हाक मारली, दुधाची पिशवी आली, चहा निवला, तरी मान वळवायची नाही. एकदा आई दारात उभी राहून बघत होती. नंतर हळूच म्हणाली, "प्राणायाम करतोस का रे? चांगलं आहे. पण डोळे मिटून करतात."

पुढचा शोध जास्त घातक होता. असं घड्याळ रात्री कोणत्या कुशीवर ठेवता यावर त्याची चाल बदलते! डायल वर करून ठेवलं की बॅलन्सचं चाक एका टोकावर फिरतं आणि घर्षण कमी होतं. उभं ठेवलं की दोन्ही टोकं घासतात आणि चाकाचं जिकडे जड तिकडे गुरुत्वाकर्षण खेचतं. म्हणजे दिवसभर पुढे गेलेलं घड्याळ रात्री योग्य अंगावर निजवलं तर थोडंफार मागे येऊ शकतं. ब्रेगे नावाच्या घड्याळजीने खिशातल्या घड्याळांचा हाच त्रास घालवायला सगळा एस्केपमेंटच, म्हणजे टिकटिक करणारी यंत्रणाच, फिरत्या पिंजऱ्यात बसवला आणि १८०१ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. त्याला तूरबियाँ म्हणतात. स्विस तूरबियाँची किंमत बघितली तर आमच्या इमारतीतले लोक तिला डाउन पेमेंट समजतील. माझ्याकडे बाबांची काढ्याची बाटली होती. तिला टेकवून किल्ली खाली, किल्ली वर, सहाचा ठिपका वर असे सगळे प्रकार करून बघितले आणि रोज वहीत नोंद ठेवली. किल्ली वर ठेवल्यावर चार सेकंद परत मिळाले. सकाळी बाबांना बाटली मिळाली नाही.

ठिपके अंधारात चमकतात ही वेगळीच बाजू. घड्याळ बघून मावशी, मेहुणा, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांनी एकच विचारलं, "रेडियम आहे का?" नाही, आता नसतं, आणि नसतं ते बरंच. शंभर वर्षांपूर्वी खरंच असायचं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात तरुण मुली डायलवर रेडियमचा रंग भरत आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. पुढे त्यांचे जबडे सडले, कित्येक गेल्या, आणि त्यांच्यातल्या काहीजणी कंपनीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. एवढं सांगेपर्यंत मावशीने माझं मनगट सोडलेलं असतं. मग तिला समजवावं लागतं की हा साधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आहे, १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने काढलेला, किरणोत्सर्ग शून्य. उजेड प्यायचा आणि अंधारात ओकायचा, एवढंच त्याचं काम.

अडचण ओकण्यात आहे. दिवा घालवल्यावर पहिली काही मिनिटं खोलीत हिरवी दिवाळी असते. मग उजेड भराभर उतरतो, आणि पहाटेला उरतो तो 'आहे' म्हटलं तर आहे. कंपनीने ठिपके खरंच सढळ हाताने भरलेत का, की माझ्याच वाट्याला हात आखडला, हे कळायला पहाटेच बघायला हवं. म्हणून मी तीनला उठतो. "तीन वाजलेत हे कळावं म्हणून उठतोस," बायको कूस न बदलता म्हणाली, "का उठलायस म्हणून तीन वाजलेत?" मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मग ऑनलाइन जांभळ्या उजेडाची टॉर्च मागवली. नोटा तपासायला वापरतात ती. तिच्या झोतात अर्धा मिनिट धरलं की ठिपके असे पेटतात की छतावर उजेड दिसतो. पहिल्या रात्री आई दाराच्या फटीतून डोकावली. "डासांचं मशीन आणलंस होय? आमच्या खोलीतही लाव थोडा वेळ."

पुण्याला जाताना तर पर्वणीच. कर्जत सोडलं की लोणावळ्यापर्यंत घाटात बोगद्यांवर बोगदे. पण डब्यातले दिवे चालू असतात, त्यामुळे दोन्ही तळव्यांची ओंजळ करून मनगट झाकायचं आणि फटीला डोळा लावायचा. समोरच्या आजी कर्जतचा वडा खाता खाता बघत होत्या. दोनतीन बोगद्यांनंतर त्यांनी वड्याचा कागद गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि पुढच्या बोगद्याला त्यांनीही हात जोडले. नातवाने कारण विचारलं तर म्हणाल्या, "काका करतायत ना? घाटातली देवी असेल कुठलीतरी."

शेवटी घड्याळजी गाठले. दुकान म्हणजे दोन गाळ्यांमधली फट. त्यांनी डोळ्याला भिंग लावलेलंच होतं, ते न काढता विचारलं, "काय होतंय?"

"पुढे जातंय."

"किती?"

"अठरा सेकंद."

"तासाला?"

"दिवसाला."

त्यांनी भिंग काढलं. माझ्याकडे नीट बघितलं. मग आतल्या पोराला हाक मारली, "बंड्या, बाहेर ये, बघून घे." घड्याळ नव्हे, मला.

तरी माणूस कामाचा पक्का. आधी होकायंत्र जवळ नेऊन बघितलं, कारण चुंबक लागला तर केसाएवढ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळतं. आमच्या फ्रिजवर अष्टविनायकाचे आठही चुंबक आहेत, त्यामुळे मी श्वास रोखून होतो. सुई हलली नाही. मग त्यांनी घड्याळ एका चिमट्यात अडकवलं. त्यात माइक असतो, तो टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढतो. रेघ आडवी असली की वेळ बरोबर. माझी वर चढत होती. मागचं झाकण उघडून त्यांनी बॅलन्सवरच्या इवल्याशा पट्टीला सुईच्या टोकाने नुसतं चिडवलं. रेघ धाडकन खाली गेली. परत चिडवलं. वर आली. चौथ्या-पाचव्या चिडवण्यात ती जवळजवळ आडवी झाली, आणि मी बोटं टेकवलेल्या काउंटरवर घामाचे ठसे उमटले होते.

"दोनतीन सेकंद राहतील," ते झाकण फिरवत म्हणाले. "स्वित्झर्लंडवाले पंधरा दिवस तपासून सर्टिफिकेट देतात, तेसुद्धा चार मागे, सहा पुढे चालवून घेतात." पैसे सांगितले आणि चहा पाजला. चहा बंड्याने मला बघत बघत आणला.

आता आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या घरातलं एकही घड्याळ बरोबर नाही, आणि ते मुद्दाम. हॉलमधलं दहा मिनिटं पुढे, लोकल चुकू नये म्हणून. स्वयंपाकघरातलं पाच मिनिटं पुढे, डबे वेळेत व्हावेत म्हणून. बेडरूममधला गजर पंधरा मिनिटं पुढे, म्हणजे वाजल्यावर अजून पंधरा मिनिटं झोपता येतं. बाबांच्या मनगटावर एचएमटी जनता, सतरा ज्वेल्स, सासऱ्यांनी लग्नात घातलेलं. रोज सकाळी चावी देऊन आकाशवाणीच्या टिकटिकीवर लावायचं आणि लगेच सात मिनिटं पुढे सरकवायचं. कोणत्या खोलीत किती वजा करायचे हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येत होतं. हा मुंबईच्या पाण्याचा गुण असावा. देशात प्रमाणवेळ १९०६ ला आली, पण बॉम्बे टाइम ३९ मिनिटं मागे राहून १९५५ पर्यंत शहरात तग धरून होता. तेव्हाचे लोकही कुठेतरी पोचायचं म्हणजे मनात बेरीज-वजाबाकी करूनच निघत असणार.

त्या संध्याकाळी मी दुरुस्त झालेलं घड्याळ बाबांपुढे धरलं. सेकंदकाटा मोबाइलच्या पावलावर पाऊल टाकून चालत होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, डायल डोळ्यांजवळ नेली, मग आपल्या एचएमटीत बघितलं. पुन्हा माझ्या घड्याळात बघितलं. मान हलवून ते माझ्या हातात परत दिलं.

"सात मिनिटं मागे आहे," ते म्हणाले. "बिल जपून ठेवलंयस ना?"